शेडरमध्ये ताणा-बाणा मिसळला की रंग मळका का होतो?

ताणाबाणा (वडगाव, बेळगाव):

नमस्कार मंडळी. धाग्यांबद्दल धागा काढतोय. हा विनोद मीच करून मोकळा झालो, आता कोणी करू नका.

आमच्या काकांचे वडगावात चार पॉवरलूम आहेत. ऑर्डर घेताना ताणा कुठला आणि बाणा कुठला हे ठरवायला गिऱ्हाइकाचा तासभर जातो. सुताचे दोन कोन शेजारी ठेवले की विणल्यावर कापड कसं दिसेल ते काकांना लगेच कळतं, गिऱ्हाइकाला कळत नाही. नमुना विणून दाखवायचा तर ताणा बदलण्यातच अर्धा दिवस जातो. म्हणून ब्राउझरमध्ये चालणारं एक छोटं पान बनवालोय. दोन रंग निवडायचे, साधी वीण पडद्यावर दिसते, बोटांनी झूम करता येतं. साधं वेबजीएल (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स काढायची सोय), एकच फ्रॅगमेंट शेडर, म्हणजे प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम.

जवळून एकेक धागा सुटा दिसतो आणि रंग बरोबर असतात. लांब गेलं की एका पिक्सेलमध्ये पाच-दहा धागे येतात, तिथं मी दोन्ही रंग मिक्स करतो, अर्धा-अर्धा. आणि तिथंच घोळ आहे. कापड काळपट, मळकं दिसतं. खरा तुकडा दारात उजेडाला धरला तर लांबूनसुद्धा झळझळीत दिसतो. काका म्हणाले, "हे काय, दहा वर्षं ट्रंकेत पडल्यासारखं!"

कुठंतरी गॅमाबद्दल (पडद्याचे आकडे आणि उजेड यांतला घात) वाचलो होतो, म्हणून शेवटच्या ओळीत रंगाला १ भागिले २.२ चा घात दिलो. आता सगळंच फिकं पडलंय, जवळचे धागेसुद्धा. काय चुकलं?

—

निपाणीकर:

स्क्रीनची ब्राइटनेस वाढव की. :)

—

अर्धा पिक्सेल (अनगोळ):

निपाणीकर, तुम्ही चहा घ्या.

धागाकर्त्या, वर्णन नको, आकडे दे. दोन रंग कोणते, आणि लांबून पडद्यावर कोणता रंग येतो? स्क्रीनशॉट घेऊन कुठल्याही चित्रांच्या प्रोग्राममध्ये रंग-ड्रॉपर लावून बघ. घाताची ती ओळ तोवर काढून टाक.

—

ताणाबाणा:

ताणा तांबडा: २००, ३०, ४० (लाल, हिरवा, निळा, ० ते २५५ मध्ये). बाणा मोरपंखी: ०, ११०, १२०. लांबून दिसतो तो रंग: १००, ७०, ८०. सरासरी तर बरोबर आहे की हो.

—

अर्धा पिक्सेल:

आकड्यांची सरासरी बरोबर आहे, उजेडाची चुकलीय.

पडद्याला दिलेला २०० हा आकडा "इतका उजेड" असं सांगत नाही. तो सांकेतिक आकडा आहे. जुन्या काचेच्या नळीच्या पडद्यांत व्होल्टेज दुप्पट केलं तरी उजेड दुप्पट होत नसे, तो घाताच्या हिशेबानं वाढे आणि तो घात सव्वादोन-अडीचच्या आसपास असे. आपल्या डोळ्याला अंधारातला फरक चटकन कळतो, उजेडातला तितका कळत नाही. त्यामुळे ० ते २५५ एवढेच आकडे हातात असताना जास्त आकडे अंधाराच्या बाजूला खर्च करणं सोयीचं पडलं. नळ्या गेल्या, संकेत राहिला. १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मिळून एसआरजीबी मांडलं, १९९९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. तुझा रंग निवडायचा चौकोन, तुझे जेपीजी, तुझा पडदा, सगळे तोच संकेत धरून चालतात.

आता तुझं कापड. लांबून बघताना तांबड्या धाग्यावरून आलेला उजेड आणि मोरपंखी धाग्यावरून आलेला उजेड डोळ्यात एकत्र पोचतो. बेरीज उजेडाची होते, संकेताच्या आकड्यांची होत नाही. म्हणून आधी संकेत उलगडायचा, उजेडात मिसळायचं आणि पडद्याला देताना पुन्हा गुंडाळायचं. तू मघाशी फक्त गुंडाळलंस, उलगडलंच नव्हतंस, म्हणून सगळं फिकं पडलं. संकेतातला १२८ तसा १८६ होतो.

दोन्ही सूत्रं देतो. आकडे ० ते १ मध्ये आणून घे (२५५ नं भागून), आणि प्रत्येक चॅनेलला वेगळं लाव.

उलगड(र): र जर ०.०४०४५ किंवा कमी असेल तर र ÷ १२.९२. नाहीतर (र + ०.०५५) ÷ १.०५५, आणि त्याचा २.४ वा घात.

गुंडाळ(उ): उ जर ०.००३१३०८ किंवा कमी असेल तर उ × १२.९२. नाहीतर १.०५५ × (उ चा १ ÷ २.४ वा घात), वजा ०.०५५.

तुझ्या रंगांवर कागदावर करून बघितलं. तांबड्याचा लाल चॅनेल उलगडला की ०.५७८ येतो, मोरपंखीचा ०. सरासरी ०.२८९, गुंडाळली की १४६. तिन्ही चॅनेल मिळून येतं १४६, ८२, ९१. तुझं होतं १००, ७०, ८०. लालमधला ४६ चा फरक हाच काकांचा ट्रंकेचा वास.

—

लिंबूटिंबू:

मला पाठ करायला सोपं पडावं म्हणून: शेडरमध्ये घाताच्या फंक्शनला पाव म्हणतात आणि मिसळायच्या फंक्शनला मिक्स. म्हणजे आधी पाव, मग मिसळ, मग परत पाव. बरोबर नं?

—

अर्धा पिक्सेल:

बावीस वर्षांत मला एवढं नीट सांगता आलं नव्हतं. हो. एक्स्ट्रा पाव मात्र मागवायचा नाही, त्याचं बिल काय येतं ते पुढे कळेलच.

—

खानापुरी पाऊस:

एवढी मोठी दोन तुकड्यांची सूत्रं कशाला? मी आठ वर्षं २.२ चा घात आणि १ ÷ २.२ चा घात वापरतोय. मोबाइलवर तर कोणी २ चा घात आणि वर्गमूळ लावतं. डोळ्याला फरक दिसत नाही.

—

अर्धा पिक्सेल:

पाऊसदादा, मधल्या रंगांत नाहीच दिसत. ०.५ उलगडलं तर खऱ्या सूत्रानं ०.२१४ आणि २.२ नं ०.२१८. उलगडणं आणि गुंडाळणं दोन्ही तुमच्याच २.२ नं केलंत तर जाताना झालेली चूक येताना फिटतेही.

अडचण होते ती एक बाजू हार्डवेअरकडे आणि दुसरी तुमच्याकडे असली की. टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) एसआरजीबी म्हणून दिलं की जीपीयू (ग्राफिक्सची चिप) ते खऱ्या सूत्रानं उलगडतो. मग तुम्ही २.२ नं गुंडाळलंत तर गडद रंग हलतात. संकेतातला १० घ्या. जीपीयूनं उलगडून ०.००३०३ दिलं, तुम्ही २.२ नं गुंडाळलं, बाहेर आला १८. काळ्या चंद्रकळेचा काळा करडा झाला. आमच्या आजीनं बघितली असती तर रंग उतरलाय म्हणून परत केली असती.

युनिटी या गेम इंजिनवाले मधला मार्ग काढतात. घाताऐवजी एक छोटी बहुपदी, नुसते गुणाकार आणि बेरजा. ०.५ ला ती ०.२१५ देते. अंधारात ती २.२ इतकी घसरत नाही, कारण तिच्यात ०.०१२५ चं एक सरळ पद ठेवलंय. घाई असेल तर २.२ पेक्षा ती बरी.

—

मोरपंखी (खासबाग):

आधी माझ्या नावाचा रंग निवडल्याबद्दल आभार. :)

मी सूत रंगवण्याच्या कामात बरीच वर्षं काढलीत, शेडर-बिडर मला कळत नाही, पण वरचं वाचून एक सांगावंसं वाटलं. आमच्याकडं नवीन पोर आलं की हमखास म्हणतं, पिवळा ताणा आणि निळा बाणा घाला, हिरवं कापड मिळेल. मिळत नाही. हंड्यात पिवळा आणि निळा रंग एकत्र घातला तर हिरवं सूत निघतं. विणलं तर लांबून करडं दिसतं, जरासं हिरवट झालं तर झालं. कापडावर दोघं शेजारी बसतात, हंड्यात एकमेकांत शिरतात.

तुमचं सूत्र हंड्याचं आहे का कापडाचं?

—

अर्धा पिक्सेल:

ताई, याच्याहून चांगला प्रश्न या धाग्यात आलेला नाही. सूत्र कापडाचं आहे. पूर्ण पिवळा २५५, २५५, ० आणि पूर्ण निळा ०, ०, २५५ उजेडात अर्धे-अर्धे मिसळले की तिन्ही चॅनेल ०.५ येतात, गुंडाळले की १८८, १८८, १८८. म्हणजे तुमचा करडा. हंड्यात प्रत्येक रंग उजेडातला आपापला वाटा खातो, दोघांनी खाऊन उरतो तो हिरवा. तिथं बेरीज चालत नाही, गुणाकाराच्या जवळपास जाणारा हिशेब लागतो. जरासं हिरवट दिसतं ते बहुधा एका धाग्यातून झिरपलेला उजेड दुसऱ्यावर आपटून येतो म्हणून, तेवढाच हंडा कापडात शिरला म्हणायचा.

—

ताणाबाणा:

ताई, काकांना वाचून दाखवलो. ते म्हणाले हासु-होक्कु आणि बण्ण (रंग) या दोन वेगळ्या विद्या आहेत, एकाला दुसरी येत नाही. (आमच्या घरात ताणा-बाणा कानडीत आणि हिशेब मराठीत चालतो.)

आता प्रगती. उलगड-गुंडाळ घातलो, साध्या वेबजीएलमध्ये १४६, ८२, ९१ तंतोतंत आलं! मग हौस आली, कापडाला चुण्या पाडून दाखवायच्या म्हणून थ्री-जेएसवर (वेबजीएलवरची त्रिमितीची तयार लायब्ररी) नेलो. शेडर मटेरियल वापरलोय, शेडर तोच, रंग थ्रीच्या कलर ऑब्जेक्टमधून युनिफॉर्म (शेडरला बाहेरून दिलेली किंमत) म्हणून पाठवतो. आणि परत सगळं काळपट! या वेळी तर जवळचा सुटा तांबडा धागासुद्धा. लाल २०० द्यायला पाहिजे, येतोय १४७. कार्ड खराब आहे का?

—

अर्धा पिक्सेल:

१४७ ला २५५ नं भाग. किती आलं?

—

ताणाबाणा:

०.५७६.

—

अर्धा पिक्सेल:

आणि वर २०० उलगडल्यावर किती आलं होतं? ०.५७८. पूर्णांकात बसवताना सुटलेला फरक सोड, आकडा तोच आहे. म्हणजे पडद्यावर तू उलगडलेला उजेडच संकेत म्हणून दाखवतोयस. एकदा जास्त उलगडलं गेलंय. हाच तो एक्स्ट्रा पाव.

तू उलगडतोस एकदा, मग दुसऱ्यांदा कोण? थ्री-जेएस. आवृत्ती १५२ पासून रंगांची व्यवस्था आपोआप चालू असते. हेक्समध्ये किंवा नावानं दिलेला रंग कलर ऑब्जेक्टमध्ये शिरतानाच उजेडात उलगडला जातो. तुझ्या युनिफॉर्ममध्ये आधीच ०.५७८ आहे, त्यावर तू पुन्हा उलगड लावतोस. शेडरमधली उलगड काढ, गुंडाळ ठेव. शेडर मटेरियलमध्ये शेवटचं गुंडाळणं थ्री स्वतःहून करत नाही. तुझं ठेव, नाहीतर त्यांचा रंगावकाशाचा तयार तुकडा शेवटी जोड. दोन्ही एकदम नको, नाहीतर उलट्या बाजूनं फिकं.

बुट्टीचं चित्र टेक्स्चर म्हणून लावणार असशील तर त्यावर एसआरजीबी ही खूण तुलाच करावी लागेल, थ्री ती आपोआप करत नाही. खूण केलीस की जीपीयू आधी उलगडतो आणि मग शेजारचे टेक्सेल (टेक्स्चरचे पिक्सेल) मिसळतो, तुला हवं तेच. हातानं शेडरमध्ये उलगडलंस तर मिसळणं आधीच संकेतात होऊन गेलेलं असतं, मग बुट्टीच्या कडेला काळी रेघ येते. आणि चुण्यांसाठी नॉर्मल मॅप वापरशील, त्याला ही खूण चुकूनही करू नको. ते रंग नाहीत, पृष्ठभागाच्या दिशा आहेत. अल्फालाही (पारदर्शकता) उलगडायचं नसतं, तो नुसता वाटा आहे.

—

मंडपवाला (हिंडलगा):

दादा, एक माझं पण घ्या, अवांतर म्हणून पळवू नका. शिवजयंतीच्या मिरवणुकीला आम्ही चित्ररथाला रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या लावलो होतो. गडाच्या मागं पहाट होते असं दाखवायचं होतं. ० पासून २५५ पर्यंत हळूहळू वाढवलो. सुरुवातीला भसकन उजाडलं, आणि नंतर अर्धा वेळ काहीच बदलत नव्हतं. लोक म्हणाले पहाट कसली, बटन दाबल्यासारखं झालं. हा तुमचाच रोग काय?

—

अर्धा पिक्सेल:

तोच, फक्त उलटा. त्या पट्ट्यांतले दिवे भरभर चालू-बंद होऊन उजेड देतात. १२८ म्हणजे खरोखरच निम्मा वेळ चालू, निम्मा उजेड. त्यांना संकेत कळत नाही. आणि निम्मा उजेड डोळ्याला निम्म्याहून बराच जास्त वाटतो, पडद्याच्या भाषेत १८८. म्हणून पहाट पहिल्या काही सेकंदांतच होऊन गेली. पाठवायच्या आधी प्रत्येक किंमत उलगडून पाठवा, २५६ आकड्यांचा तक्ता करून ठेवला की मायक्रोकंट्रोलरला घात काढत बसावं लागत नाही.

एक त्रास राहीलच. पट्टीला पूर्णांकच कळतात. उलगडून २५५ नं गुणल्यावर संकेतातल्या ० ते ६ सगळ्या किंमती शून्यावर जातात, ७ पासून १ सुरू होतो, आणि बराच वेळ १ वरच राहतो. अगदी काळोखातली पहाट पायऱ्या-पायऱ्यांनी होईल. मिरवणुकीत ढोल-ताशाच्या नादात कोणाला कळणार नाही.

शेडरवाल्यांसाठी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनं: उजेड उलगडून आठ बिटांच्या बफरमध्ये कधी साठवू नका. शून्यानंतरची पहिली पायरी गुंडाळल्यावर एकदम १३ होते. १ ते १२ गेले. साठवायचं तर गुंडाळून, नाहीतर सोळा बिटांच्या फ्लोटमध्ये.

—

ताणाबाणा:

२०० ला २०० आलं! काकांच्या फोनवर मात्र कापडभर काळे ठिपके दिसतात, माझ्या फोनवर नाहीत. चुण्यांच्या सावलीत जास्त.

—

खानापुरी पाऊस:

हे मी सांगतो, यात मी दोन रात्री घालवल्यात. सावलीसाठी काहीतरी वजा करतोयस का? रंग शून्याच्या खाली गेला की ऋण आकड्याचा घात व्याख्येतच नाही. कोणता जीपीयू काय देईल याचा नेम नाही, एकावर शून्य, दुसऱ्यावर आकडाच नसलेला आकडा. आणि दोन तुकड्यांतला कुठला घ्यायचा ते तू मिक्समध्ये ० आणि १ देऊन निवडत असशील तर आणखी फसशील, कारण त्या बिघडलेल्या किमतीला शून्यानं गुणलं तरी ती बिघडलेलीच राहते. घाताच्या आत जायच्या आधी शून्य आणि रंग यांतला मोठा घे. एक ओळ.

(आणि हो, २.२ सोडला. काळी चंद्रकळा करून बघितली.)

—

ताणाबाणा:

ठिपके गेले.

शेवटचा प्रश्न. पदराकडं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सरकत जाणारी छटा हवीय. उजेडात मिसळलो तर मधला बराच भाग पांढुरकाच दिसतो, काळं अगदी शेवटी गोळा होतं. संकेतातच मिसळलो तर बघायला समान वाटतं. मग इथं नियम उलटा?

—

अर्धा पिक्सेल:

इथं तू उजेड मिसळत नाहीस, डोळ्याला समान वाटतील अशा पायऱ्या पाडतोयस. हे वेगळं काम. काळ्या-पांढऱ्याला संकेतातच मिसळ, छान दिसेल. दोन भडक रंगांमध्ये तसं केलंस तर मध्ये चिखल येतो, लाल ते हिरवा करून बघ. तिथं ओकेलॅब (डोळ्याला समान वाटणाऱ्या पायऱ्यांचा रंगावकाश) वापर, ब्यॉर्न ओटोसननं २०२० मध्ये मांडलेलं, दोन मॅट्रिक्स आणि मध्ये घनमूळ, बास. फक्त त्याला आत उजेड द्यायचा असतो, म्हणजे आधी उलगडलेला रंग. धुकं, सावली, दिव्यांची बेरीज, पारदर्शक पदर, लांबची वीण ही सगळी उजेडात.

—

मोरपंखी (खासबाग):

पदर खरोखर विणायचा असेल तर छटा सूत रंगवतानाच पाडावी लागते, किती पायऱ्या जमतील ते आधी मला विचारा. पडद्यावर दोनशे पायऱ्या दाखवाल आणि गिऱ्हाईक तेच मागेल.

—

ताणाबाणा:

ताई, विचारतो. काकांना आत्ता दारात उभं करून एका हातात खरा तुकडा, एका हातात फोन दिलो. पाचेक मिनिटं कधी हा बघाले, कधी तो. मग म्हणाले, "बरोबर आहे. जर कुठाय?"

जरीसाठी वेगळा धागा काढतो.